मग काय

रविवारी पहाटे चारच्या विमानात
अर्धी दुबई काळ्या बॅगा घेऊन बसलेली असते.
आठवडा इथे रविवारी सुरू होतो
हे आईला सहा वर्षं सांगतेय,
तरी ती रविवारीच फोन करते, निवांत.

अल खोबर, नववा मजला.
खाली समुद्र आहे म्हणतात.
धुळीच्या दिवसांत काच नुसती पिवळी.
बाहेर सेहेचाळीस, आत अठरा;
मी स्वेटर घालून
जास्तीचं काय ते शोधते.

जास्तीचं म्हणजे माणसं.
पण माणसं हा शब्द आमच्या डेकमध्ये येत नाही.
आम्ही 'क्षमता' म्हणतो,
'मोकळी करणे' म्हणतो,
जणू इतके दिवस कुणी तिला डांबून ठेवलं होतं.

घस्सान आमचा पार्टनर.
प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात तो लाल अक्षरांत
दोनच शब्द लिहितो, इंग्रजीत.
मी ते मराठीत वाचते.

माणशी रोज सव्वातीन कप.
मग काय?
सात मजले, अकरा चहावाले.
मग काय?
दुपारी दोन ते साडेतीन हात रिकामे.
मग काय?

रात्री दीड वाजता हॉटेलच्या इस्त्रीच्या टेबलावर
लॅपटॉप ठेवून मी उत्तर शोधते.

पँट्रीच्या दाराशी वही घेऊन उभी होते,
मिनिटं लिहीत.
"काय मोजताय, बाय?"
वळून पाहिलं. रज्जाक सारंग, दाभोळचा.
चोवीस वर्षं इथे.
माझ्या फोनवरचं आईशी बोलणं त्यानं ऐकलं होतं,
पण तीन दिवस काही म्हणाला नव्हता.
चहा, मी म्हटलं.
"चहा प्यायचा असतो," तो म्हणाला, आणि हसला.

मुलगी शिकते?
"मग काय! फार्मसीला आहे, चिपळुणात."
घर बांधलंत?
"मग काय! वरचा मजला राहिलाय तेवढा."
तेच दोन शब्द.
मी कितीतरी दिवसांनी
असे वर जाताना ऐकले.

गुरुवारी त्यानं कपांच्या खोक्याचा पुठ्ठा आणून दिला.
पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी,
मजल्यागणिक, तासागणिक.
"तुमचे सतरा कप चुकलेत.
हिशोब खात्यात पाहुणे होते मंगळवारी,
गहवा तुम्ही धरलाच नाहीत.
साहेबासमोर आकडा कच्चा नको."

साहेबासमोर आकडा पक्का गेला.
स्लाइड एकतीस: यंत्र, बटण, कागदी पेला,
अकराच्या जागी दोन.
तळाशी बारीक अक्षरांत
स्रोत: प्रत्यक्ष निरीक्षण, टीमचे विश्लेषण.
पुठ्ठा माझ्या बॅगेत, लॅपटॉपच्या पाठीमागे.
घस्सानने या एका स्लाइडवर काही लिहिलं नाही.
छोटीशी बरोबरची खूण फक्त.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
पाच सेकंद असेल.

दम्मामच्या विमानतळावर टाइमशीट भरायची असते.
अर्धा अर्धा तास, प्रत्येकाला कोड.
प्रवास, प्रशिक्षण, आजारपण, सगळ्याला आहे.
मंगळवार, साडेचार ते पाच.
मी पँट्रीत उपड्या क्रेटवर बसले होते.
त्यानं स्वतःच्या डब्यातलं आलं ठेचून टाकलं होतं,
आणि आम्ही सुक्या बांगड्याबद्दल बोललो.
एवढंच. एक शब्द कामाचा नाही.

चौकट पिवळी. रिकामी ठेवली तर पुढे जात नाही.
फलाटासारख्या लांब त्या गेटवर
सगळे काळ्या बॅगांवर वाकून हेच करत होते.

शेवटी क्लायंटच्या कोडवर टाकला.
म्हणजे त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याचीच कंपनी देणार.
माझा दर किती, ते लिहीत नाही.
त्याच्या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहिला,
मग ती खिडकी बंद केली.

यंत्रं यायला अजून तिमाही आहे.
रविवारी सव्वानऊला माझ्या टेबलावर कप येईल,
आल्याचा, कमी साखरेचा.
तो विचारत नाही.