माया

चिंचलीची पोर. देवीच्या नवसाची, म्हणून मायाक्का.
शहापुरात मावशीकडं राहून कॉलेज करायची.
पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काखेत वह्या,
डब्यात अर्धी भाकरी उरलेली.
"काकू, ऑर्केस्ट्राला घालायला ड्रेस पायजे. मी गातो."

मी गातो.
आमच्याकडं बायका असंच बोलतात की,
मी आलो, मी जेवलो, मी दमलो.
त्याचं कुणाला काय वाटलं नव्हतं आजवर.

मग ते गाणं चाललं.
रायबागपासनं निपाणीपर्यंत प्रत्येक वडापच्या स्पीकरवर,
हळदीत, वरातीत,
एक कडवं कानडी, एक मराठी,
अन् मधे तिचं ते हसणं.
सतरा वेळा हसायला लावलं होतं म्हणे स्टुडिओत.
अठराव्याला ती रडकुंडीला आली,
तेच ठेवलं.

पुण्याचा कंपनीवाला म्हणाला, नाव लांबतंय, अक्का काढू.
अक्का म्हणजे थोरली बहीण,
हे त्याला कुणी सांगितलं नाही,
की सांगितलं म्हणूनच काढली, कोण जाणे.
पोस्टरवर उरली नुसती माया.
कुणाचीही.

आणि बेटा, गातो नाही म्हणायचं. गाते.
जरा मान वळवून.

फोन मला यायचे, ठेकेदाराचे.
"बाई, गळा दोन इंच खाली घ्या."
पुढच्या महिन्यात आणखी एक.
गळा म्हणजे त्याच्या लेखी तेवढाच.
दुसरा गळा होता तिला, पहाटे चारला उठून घासलेला,
त्याचे रात्रीला तीन हजार.
की-बोर्डवाल्या पोराला पाच.

संकेश्वरला पुढच्या रांगेतला एकजण
स्टेजवर चढला, नोट खोचायला.
बाही टर्रकन फाटली.
ती गप्प उभी राहिली, माईक खाली.
ट्रॅक थांबला नाही.
चार भोंग्यांतनं तिचाच आवाज हसत राहिला,
आणि लोक शिट्ट्या मारत राहिले
त्या आवाजाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बोचकं टाकलं मशीनवर.
मी काही विचारलं नाही. चहा सांगितला.
मग एकेक कपडा उलटा करून दाखवला तिला:
बघ, गळा मी कधी कापलाच नव्हता.
सगळं कापड आत दुमडलेलं,
कच्च्या टाक्यांवर धरलेलं,
इंचन् इंच.
ह्याला शिवणकामात काय म्हणतात ठाऊक आहे?

ती बघतच राहिली. मग हसली.
नाकातनं, खरखरीत,
कुठल्याच गाण्यात बसलं नसतं असं.

"उसव सगळे," म्हणाली,
"आणि पोस्टरवाल्याला फोन लाव, नाव पुरतं लिही म्हणावं.
नाही लिहिलं तर नाही.
उद्या अथणी आहे."
चहाचा ग्लास ठेवला, चप्पल घातली.
"जातो काकू."