रात्रपाळी

शलाका पुण्याला गेली,
आणि तिच्या खोलीत राहिली काचेची पेटी.
पेटीत एक पाल.
"पाल नाही हो बाबा, गेको. बिबट्या गेको.
नवख्या माणसाला हीच बरी."
बासष्टाव्या वर्षी मी नवखा झालो.

फ्रिजवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी:
पोटाखाली ऊब, बत्तीस अंश.
ओल्या शेवाळाची डबी.
किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून.
हात लावायची घाई नको.
भुसावळात मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
आणि मी पालीला ऊब देणार!
गरम चटईची पिन काढली,
पेटी माठाच्या शेजारी नेली,
खाली ओलं गोणपाट.

ट्यूबलाइटमागे राहते ती आमची जुनी पाल
डोळा मिटत नाही कधी, जिभेने पुसते.
हिला पापण्या आहेत.
पहिल्या रात्री हिने सावकाश डोळे मिटले, उघडले,
आणि मी, उगाच,
"हो, झोप झाली का?" म्हणालो.

भिंत चढता येत नाही हिला.
बोटांना नुसती नखं, चिकटपणा नाही.
दिवसभर कौलाच्या तुकड्याखाली,
दहाला ड्यूटीवर.

चौतीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड.
शेवटच्या डब्यात एकटा,
पुढे अठ्ठावन्न वाघिणी, मागे अंधार.
निवृत्त झालो तरी दोनला जाग येते.
जुन्या डायरीत पुन्हा नोंदी सुरू केल्या:
२२.०५ तोंड बाहेर.
२२.२० किडे तीन, चौथा नाकारला.
२२.३१ जांभई.
०२.१० दोघेही जागे.

एकदा ती पांढरीफटक पडली.
मी रात्री साडेअकराला फोन लावला.
"कात टाकतेय बाबा. खाऊन टाकेल बघा,
काही वाया घालवत नाही ती."
खरंच, मोजा ओढावा तशी
पायाची कात दातांनी ओढली, गिळली.

शेपूट जाड, मुळ्याएवढी.
तिच्यात चरबी साठवते, उपासाच्या दिवसांसाठी.
मी म्हटलं, हा तर हिचा पीएफ.

तळहात पेटीत ठेवून बसायचो रोज, हलवायचा नाही.
मुंग्या यायच्या मनगटाला.
बाविसाव्या रात्री ती चढली.
मूठभर शेंगदाण्यांचं वजन,
आणि गार पोट.
मला शिंक येत होती, ती मी
कशी दाबली ते माझं मला माहीत.

डिसेंबरात चटईची पिन पुन्हा लावली.
त्याच आठवड्यात झांबऱ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी,
बामणोदच्या अलीकडे.
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती,
कुणी मिरच्या कुटत होतं.
काड्यांचा भारा उचलला
आणि खालून निघाली ती,
पिवळसर, काळे पट्टे, जाड शेपूट.
"विषखोपरा! मारा तिले!
चावली तं पानी बी मांगू देत नही!"
"थांबा," मी म्हणालो, "विष नाही तिला, थांबा..."
गार्डाची शिट्टी नव्हती खिशात.
लीलाधरची काठी बसली.

शेपूट मातीत वळवळत राहिली.
ती बांधाच्या दगडांत गेली,
पण जाण्याआधी, बॅटरीच्या उजेडात,
डोळे मिटले तिने. मी पाहिलं.
आमच्या ठिपकीची कुणी दूरची चुलत बहीण असावी,
हिची मात्र कुणी चिठ्ठी लिहिलेली नाही.

सगळे हसले, मग जेवायला बसले.
कळण्याची पुरी माझ्या ताटात गार झाली.
मी हिशेब करत होतो:
हिवाळा सगळा पुढे,
किडे मिळणार नाहीत,
आणि साठवलेलं सगळं बांधावर टाकून गेलेली.

निघताना त्या दगडांपाशी गेलो.
उचलून आणायची नव्हती तिला,
काचेत बसणारी ती नव्हेच.
फक्त तो काड्यांचा भारा
परत बांधावर लावून ठेवला, आडोसा म्हणून.
लीलाधर जवळ आला. "दादा, खरंच नही विषारी?"
"नाही."
तो बराच वेळ काठीकडे पाहत राहिला.

०१.४० घरी.
०१.४५ ठिपकी जागी.
०१.५० तळहात पेटीत.