म्हणे

चौथी 'ब'मधली एदुविखेस विल्का
प्रश्न विचारला की गप्प होते.
आधी वाटलं, ऐकू कमी येतं.
मग वाटलं, घाबरते.
जूनच्या अहवालात मी लिहिलं 'मंद',
ते खोडून 'संथ' केलं,
जणू त्यानं तिचं काही भलं होणार होतं.

अबान्कायमध्ये, डोंगराच्या या उतारावर,
शाळा स्पॅनिशमध्ये भरते.
घंटा तेवढी कुठल्याच भाषेतली नाही.
वरच्या वस्त्यांवरून पोरं उतरतात
केचुआ गालात दाबून,
तासाला गोळी लपवावी तशी.

तिच्या भाषेत स्वर तीन. इथं पाच लागतात.
'मेसा' म्हणजे टेबल,
'मिसा' म्हणजे चर्चमधली प्रार्थना.
निबंधात तिनं लिहिलं:
आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं प्रार्थना पुसते,
तिच्यावर चार ताटल्या मांडते,
प्रार्थनेचा एक पाय लंगडा आहे,
त्याखाली विटेचा तुकडा.
वर्ग हसला.
सगळ्यात मोठ्यानं रेनान,
ज्याची आई तिच्याच वस्तीवरची.
मीही हसले. नोंद असावी.

इतिहासाच्या तासाला विचारलं,
सांग, घोड्यांवर बसून कोण आलं?
गप्प.
मधल्या सुट्टीत नळापाशी
हात धुता धुता म्हणाली,
'सेन्योरिता, मी नव्हते ना तिथं.'

तेव्हा कुठे मला आठवलं
की त्या भाषेत वाक्याला शेपूट असतं.
स्वतः पाहिलं तर एक,
ऐकलेलं असेल तर दुसरं,
आणि दुसऱ्याचा अर्थ एवढाच: म्हणे.
पाऊस पडला, म्हणजे मी भिजले.
पाऊस पडला म्हणे, म्हणजे शेजारीण सांगत होती.
आमच्या पुस्तकाला शेपूट नाही.
पुस्तक सगळीकडे जातीनं हजर होतं:
घोडे आले तेव्हा,
त्याआधी पृथ्वी थंड होत होती तेव्हासुद्धा.

आठवलं म्हणाले, कारण माझी आई
दातांच्या दवाखान्यात फरशी पुसायची
आणि केचुआ उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची
चिखलाच्या चपलांसारखी.
कोंबड्यांशी बोलायची, बहिणीशी बोलायची.
माझ्याशी स्पॅनिश, तिच्या तीन स्वरांत.
नऊ वर्षांची मी तिला दुरुस्त करायचे:
'मिसा नाही गं, मेसा.'
ती म्हणायची, 'बरं.'
मला चांगले गुण मिळाले.
मी शिक्षिका झाले.
आता तिची भाषा माझ्या कानावर पडते
तेव्हा तीनातला एक शब्द कळतो,
उरलेले दोन तिच्याबरोबर गेले.

गुरुवारी बाजारात गेले.
वाळवलेल्या काळ्या बटाट्यांच्या राशीमागं
एदुविखेसची आई. म्हणाली,
'घरी तोंड मिटत नाही हिचं.'
एवढ्यात पोलिसाची बायको आली
आणि आईचा आवाज निम्म्यावर आला.
पोरगी मध्ये उभी राहिली:
आकडे स्पॅनिशमध्ये, घासाघीस केचुआत,
इकडचा राग तिकडे नेताना
वाटेत थोडा सांडून देत होती,
आणि सव्वादोन किलोंचा हिशेब
माझ्याआधी झाला होता तिचा.
पन्नास सेंतिमो सोडले.
गिऱ्हाईक खूश, आईही.

डिसेंबरचा अहवाल.
'भाषा' या रकान्याची रुंदी दोन बोटं.
परीक्षेचा कागद सांगतो, 'सी' लिहा.
लिहिला.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
मुलगी हुशार आहे.
म्हणे नाही.
मी होते तिथं, बटाट्यांच्या राशीपाशी.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.
'हे वाक्य रकान्याबाहेर गेलंय.'

'हो,' म्हटलं.