सातवी आवृत्ती

चार महिने नंबर लावून मिळाली.
सहाशे बारा पानं, दोन पुरस्कार,
मुखपृष्ठावर पाठमोरी बटीक
आणि तिच्या पाठीवर चांदणं.

शरणपूर रोडच्या गॅलरीत बसून वाचली.
खाली द्राक्षांची हातगाडी,
हातात ही भाषा,
तीही तशीच, घोसाघोसानं पिकलेली.

धन्याला पश्चात्ताप होतो: अकरा पानं.
ती गप्प राहते: एक ओळ.
फटक्यांनाही उपमा आहेत.
मोजत होते, मग सोडलं.

मला साधंच विचारायचं होतं.
किती रुपयांना? पावती कुणी लिहिली?
निजायची कुठे, माजघरात की गोठ्यात?
ताप आला तर?
विकण्याआधी आई काय म्हणून हाक मारायची?

शेजारच्या एस्तेरबाई दुशिंग कादंबऱ्या वाचत नाहीत.
त्यांची खापरपणजी समुद्रातून सोडवून आणलेली,
इथंच, शरणपुरात वाढली.
नाव मिशननं दिलं, जन्मतारीखही.
घरात तिचा फोटो नाही, भांडं नाही,
फक्त एक शब्द आहे.
पोर ठेचकाळलं की एस्तेरबाई म्हणतात,
"पोले, पोले."
अर्थ विचारला तर हसतात.
"पडल्यावर म्हणायचं असतं."

पुस्तक परत केलं. दंड चार रुपये.
"कशी वाटली?" मोहनीराजनं विचारलं.
सगळं शहर भारावलंय, मीच काय बोलू?
"जड आहे," म्हटलं.
त्यानं पुढच्या नंबरला फोन लावला.

वाचनालयाची शेवटची पायरी चुकले.
तिथंच बसले, गुडघा चोळत.
पोले, पोले.