तिसऱ्या खेपेला

दोनदा आलो आणि दोनदा परत गेलो.
पहिल्यांदा वाऱ्याने ऐनवेळी तोंड फिरवलं,
दुसऱ्यांदा हवाच इतकी कोरडी
की तेल्मोच्या ओठांना चिरा पडल्या.
मी वहीत लिहिलं: आज नाही.
एकोणीस माणसं, दोन टँकर, भरलेले डबे,
सगळं पुन्हा डोंगराखाली.

दियोलिंदा दारात उभी राहून हसली.
"माझा बाप खिशात काडेपेटी घेऊन जायचा.
शेळ्या कुठे तोंड करून बसल्यात ते बघायचा
आणि लावायचा. एवढंच."

मी काही बोलले नाही.
तिच्या बापाच्या वेळी डोंगरावर शेळ्या होत्या,
घरटी एक माणूस निघायचा हिरव्या फांद्या घेऊन.
आता गावात घरं चौदा, त्यातली नऊ बंद,
आणि ते पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप
शाळेच्या खिडकीपर्यंत उतरलेलं,
ज्या शाळेत कुणी शिकत नाही.

त्या ऑगस्टमध्ये तिचा भाऊ गाय सोडायला गेला होता.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, म्हणतात ना,
बंब खरंच होता,
अडतीस किलोमीटरवर, दुसऱ्याच वणव्यात.
गाय परत आली.

माझ्या आराखड्याची अकरा पानं.
त्यातली साडेनऊ
चुकलं तर काय, यावर.

आज फेब्रुवारीची सतरा.
वारा गावाकडून माथ्याकडे, मुंगीच्या पावलांचा.
शेवाळ मुठीत पिळलं तर बोटं ओली होतात.
मधमाश्यांच्या पेट्या काल रात्रीच हलवल्या,
झोपलेलं मूल उचलावं तशा.
झुआकिमच्या छातीला धूर सोसत नाही,
अमिल्कार त्याला पहाटे बहिणीकडे सोडून आला.
त्याने सोबत कोंबडाही नेला. विचारलं नाही का ते.

शितावरून भाताची परीक्षा,
म्हणून आधी एका खोलीएवढंच पेटवलं.
सगळे गप्प. धूर सरळ वर गेला,
मग माथ्यापलीकडे झुकला.
मी मान हलवली.

माथ्यावरून सुरुवात, वाऱ्याला तोंड देत.
चढावर आग धावते,
उतारावर तिला गुडघे असतात.
एकेक पायरी चाचपत ती खाली येते,
झुडपाला खाते, मुळाला सोडते,
एखादा सरडा आरामात बाजूला होतो.
"असंच चाललं तर अंधार पडेल," तेल्मो म्हणाला,
हातातली मशाल थेंब थेंब गळत.
पडू दे.
घाई झालेली आग मी पाहिलीय.

दुपारी एकदा वाऱ्याने झोका घेतला.
खालच्या पट्ट्यापाशी,
जिथे आम्ही माती उघडी पडेपर्यंत खरवडली होती,
एक ठिणगी पलीकडे पडली.
वहीत ती एका ओळीची आहे:
दोन वाजून दहा, फावडं, विझली.
माझ्या पोटात ती अजून त्या ओळीएवढी नाही.

शेवटचा धूर बसला तेव्हा दिवे लागले होते.
मग खरं काम.
हातमोजा काढायचा,
पंज्याची मागची बाजू राखेवर धरायची,
ताप बघतात तशी,
बुंध्यामागून बुंधा, पाचशे पावलं, हजार पावलं.
चेस्टनटचं एक जुनं खोड
आतून दोन तास लाल राहिलं.
बादल्या संपल्या, पुन्हा भरल्या.

दियोलिंदा वर आली, कोबीच्या सुपाचं पातेलं घेऊन,
आणि वाळत घातलेल्या चादरींवर राख पडल्याची तक्रार घेऊन.
मी म्हटलं, झालं आता. सगळं गार आहे.
तिने पातेलं खाली ठेवलं,
पायातलं लाकडी पादत्राण काढलं,
आणि काळ्या उतारावर अनवाणी गेली,
हळू, जणू कुणाच्या अंगणात.
एका ठिकाणी थांबली.
टाच दाबली, उचलली, पुन्हा दाबली.

"इथे," ती म्हणाली.
"इथे अजून आहे."

तेल्मोने चमचा सुपात तसाच सोडला
आणि बादली उचलली.