सातवी जागा

ही भिंत पुसायचं काम माझ्याकडे आहे.
अकराशे चव्वेचाळीस टाइल्स.
मोजल्यात मी. धुकं उतरलं की विमानं येत नाहीत,
तेव्हा माणसानं करायचं काय?

पांढऱ्यावर निळं. डावीकडे आमचा डोंगर,
ढगाची टोपी कपाळापर्यंत ओढलेला,
पायथ्याशी गाई, हायड्रेंजियाची कुंपणं,
खोपटात दुर्बीण लावून बसलेला टेहळ्या,
आणि मग समुद्रच समुद्र, थेट बॅगांच्या पट्ट्यापर्यंत.
तिथे, रबरी पडद्याच्या वर, देवमासा.
त्याच्या शेपटीखालून बॅगा निघतात.
पोरं किंचाळतात. मोठी माणसं बॅगाच बघतात.

कोपऱ्यात पितळी पाटी.
मंत्र्याचं नाव, तारीख, सिमेंट कंपनीचं नाव.
देओलिंदाचं नाही.

देओलिंदा फुर्तादु.
बंदरामागच्या गल्लीत तिची भट्टी होती.
पूर्वी तिथे ट्यूना डब्यांत भरत;
भट्टी तापली की भिंतींना जुना वास सुटायचा
आणि गल्लीतली मांजरं दाराशी रांग लावायची.
जाळ सांभाळायचा तिचा दीर, एवारिश्तु, एका कानानं बहिरा.
कच्चा रंग मळकट जांभळा असतो, तो सांगायचा,
निळा आहे हे आधी आपण मानायचं,
आग मागाहून मानते.

अडीच वर्षं लागली.
गवंड्याचा घोळ होऊ नये म्हणून
प्रत्येक टाइलच्या पाठीवर आकडा.
तरी चारशे सहावी उलटी बसली.
सगळ्या लाटा किनाऱ्याकडे, ही एकटी बाहेर निघालेली.
गवंडी रडकुंडीला आला.
ती म्हणाली, राहू दे. असते एखादी.

पण मला सांगायचंय ते होडीचं.
शिकारीच्या होडीत सात जण,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
देओलिंदाच्या होडीत सहा.
सुकाणूवाला, भालेवाला, चार वल्हेकरी.
पाचवं वल्हं आहे, पाण्यात, तिरकं,
कुणी जीव खाऊन ओढतंय तसं ताणलेलं,
धरणारे हात तेवढे नाहीत.

कमिटी आली पाहायला. बाई, एक माणूस विसरलात.
हो का, म्हणाली. बघते.
बघता बघता उद्घाटन झालं.

गावात दोन मतं.
कुणी म्हणे तिचा बाप.
माझी आई म्हणायची, बाप कसला, तो अंथरुणात मेला,
हा टोरांटोला गेला तो. पत्र लिहितो म्हणून गेला तो.
मी विचारलं नाही.
भाचे परदेशी निघाले की ती बसनं इथवर यायची,
भिंतीकडे पाठ करून उभी राहायची.
विमानात कधी बसली नाही.
गेली त्या हिवाळ्यात एवारिश्तुनं भट्टी विकली.

मग नव्या खुर्च्या आल्या, भिंतीला लागून.
तिसऱ्या खुर्चीत कुणी बसलं
की डोकं नेमकं त्या रिकाम्या जागी.
धुक्याच्या एका दिवशी ध्यानात आलं माझ्या:
एक लठ्ठ पाहुणा तोंड उघडं टाकून झोपलेला,
आणि होडीत सात जण.
मग एक नन. मग गेम खेळणारा पोरगा.
एकदा तर सीमाशुल्काचा साहेब, सँडविच खात.
मी कुणाला सांगितलं नाही. पगारात बसत नाही ते.

गेल्या ऑक्टोबरात एक म्हातारा आला.
कोटाचं शेवटचं बटण नव्हतं, बॅगेला कॅनडाची चिठ्ठी.
तिसऱ्या खुर्चीत टेकला.
थोड्या वेळानं वळून बघितलं,
उठला,
बराच वेळ उभाच राहिला.
मग जाऊन पाचव्या खुर्चीत बसला.

कुणी केलं हे, त्यानं विचारलं.
मी नाव सांगितलं.
ऐकू आलं असणार, तरी म्हणाला, पुन्हा सांगा.
मी पुन्हा सांगितलं.
तेवढ्यात धुकं फाटलं, घोषणा झाली, रांग लागली.

डोक्यांच्या तेलानं ती टाइल ओशट होते.
व्हिनेगरनं निघतं.
मी रोज नाही काढत.