मानस

गौरांग हॉस्टेलवर गेला आणि त्याचा खेळ
टीव्हीला जोडलेला तसाच राहिला,
आठव्या पातळीवर, अर्ध्या उडीत.
पडद्यावर तिघं.
एक बुटकी पोर, मांजर शिरेल तिथून शिरणारी.
एक लांब हातांचा, छपराला लोंबकळतो.
आणि एक जाडगेला, ज्याला काहीच येत नाही,
फक्त वजन आहे.

वहिनी म्हणाली, बंद कर ते, वीज जळते.
मी हो म्हटलं.
मग रायबंदरहून शेवटची फेरी चोडणच्या धक्क्याला लागली,
साखळ्या, फळी, दोनचार स्कूटर,
आणि आम्ही दोघी अजून सोफ्यावर,
मध्ये एकच यंत्र.

त्यावर एक बटण असं आहे की दाबलं
की जीव या देहातून त्या देहात.
परकायाप्रवेश, तोही अंगठ्याने.
मागे राहिलेले मरत नाहीत.
डोळे मिचकावत उभे असतात.
जाडगेला पोट खाजवतो, जांभई देतो,
पायाखालची फरशी मात्र दाबून धरतो,
कारण तो हलला की पुढे गेलेल्यांच्या तोंडावर
दार पडतं.

तिसऱ्या रात्री मी म्हणाले,
हा जाडगेला म्हणजे मी.
बाबा अंथरुणाला खिळले ती सहा वर्षं होती मनात,
दादा जहाजावर, ही पणजीला ट्रेझरीत,
आणि पेज ढवळत घर दाबून धरलेली मी.
वहिनीने यंत्र माझ्या हातून काढून घेतलं.
"तू? तू दर रविवारी भजनाला माशेलला जायचीस.
मी कुठे गेलेय वीस वर्षांत, पगार आणि बाजार सोडून?
जाडगेली मी."
एका जाडगेल्यावरून भांडलो,
पाटल्यांवरून झालं होतं त्याहून जोरात,
पण मध्ये मध्ये हसू फुटत होतं.

नववी पातळी पाण्याची.
जाडगेल्याला दारात उभा केला
की पाणी छातीशी, मग नाकाशी,
मग बुडबुडे, आणि पुन्हा पहिल्यापासून.
अकरा वेळा बुडवला आम्ही त्याला.

बाराव्या वेळी मी दाराकडे नीट पाहिलं.
लाकडी दोन फळ्या, नदीच्या रेट्याने मिटणाऱ्या.
अगं, ही तर मानस!
खाजनाच्या बांधातलं दार.
बाबा पावणीत बोली लावून घ्यायचे एकेका वर्षाला,
रात्री जाळं लावताना कंदील धरायला मी,
सुंगटं, काळुंदरं, कधी नुसताच पाला.
भरतीला ते आपल्या आपण मिटतं,
ओहोटीला आपल्या आपण उघडतं.
कुणी धरायचं नसतं.
मी धरायला गेले की बाबा ओरडायचे,
हात काढ, बोटं जातील.

तिघांना एकेक करून बांधावर आणून ठेवलं.
यंत्र खाली ठेवलं.
वहिनी म्हणाली, आता?
मी म्हटलं, आता काही नाही.
तिला ते जमेना. उठून भांडी लावून आली,
डासांची कॉईल पेटवली,
पुन्हा बसली.
पडद्यावर पाणी बोटबोट उतरत होतं.
जाडगेल्याने बसल्या जागी डोळे मिटले
आणि बुटकी त्याला टेकली.
हे असं होतं, हे गौरांगलाही ठाऊक नसेल,
तो कधी थांबलाच नाही इतका वेळ.

दार उघडताना आम्ही पाहिलंच नाही.
पाटल्यांचं बोलत होतो.
कुणी कुठे ठेवल्या, ते नव्हे.
त्या तिच्या मनगटाला कधी बसल्याच नव्हत्या, ते.

सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत गेला
आणि फोन आला.
आत्ये, माझा खेळ आठव्यावर होता,
आहे ना तसाच?
मी वहिनीकडे पाहिलं.
तिने पदराला हात पुसले, फोन घेतला,
म्हणाली,
केव्हाच बंद केलाय तो.
वीज जळते.